ओल्या फरशीचं फूटवर्क

मे महिन्यात नागपूरचा शहाणा माणूस डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून घराबाहेर पडतो. आम्ही सहा जण लोकरीच्या टोप्या घालून पडायचो. डोक्यावर उलटं उभं राहून गिरकी घ्यायची तर टोपी लागते, असं आम्ही फोनवर पाहिलं होतं. डोक्यावर गिरकी आमच्यातल्या एकालाच यायची, तीही अडीच वेढ्यांची, पण टोप्या सहाही जणांच्या होत्या. घामोळ्यांनी कपाळ लाल झालेलं असायचं, तरी टोपी काढायची नाही, कारण टोपी काढली की आम्ही सक्करदऱ्याच्या वस्तीतली पोरं दिसायचो.

ब्रेकडान्स म्हणायचं नाही, जिथं तो जन्मला त्या न्यूयॉर्कात म्हणतात तसं नुसतं ब्रेकिंग म्हणायचं, हा आमच्या कॅप्टनचा पहिला नियम. कॅप्टन इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि बरीच वर्षं तिसऱ्याच वर्षाला होता. त्यानं स्वतःला एक इंग्रजी नाव ठेवून घेतलं होतं. ते मी इथं सांगत नाही, कारण आता तो एका शाळेत गणित शिकवतो आणि मुलं त्याला घाबरतात. पाच मुलं आणि एकटी मी, असा आमचा गट होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि नाकावर माशी बसू देत नव्हते.

प्रॅक्टिसला वस्तीतल्या बुद्धविहाराचा हॉल मिळाला होता. रविवारी सकाळी तिथं वंदना व्हायची, बाकी दिवशी संध्याकाळी पाच ते सात आम्ही. कमिटीच्या दोनच अटी होत्या. चपला-बूट बाहेर, आणि गाण्यांत शिव्या नकोत. आमची गाणी सगळी परदेशी आणि भलत्या वेगाची. त्यात शिव्या आहेत की नाहीत हे कमिटीला कळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही कळत नव्हतं. हॉलची फरशी मात्र झकास होती, पाण्यासारखी सपाट. ती माझ्या बाबांनी बसवली होती, श्रमदान म्हणून.

बाबा टाइल्स मिस्त्री. शहरात निम्म्या ठिकाणी मी ज्या फरशीवरून चालते ती त्यांनी बसवलेली असते. त्यांची एक खोड आहे. कुठंही गेले, लग्नात, बारशात, अगदी कुणाच्या मयतीलाही, की दोन मिनिटांत ते वाकतात आणि बोटांच्या पेरांनी फरशी वाजवून पाहतात. खाली सिमेंटचा माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो, नसेल तर पोकळ. मग ते यजमानाला हळूच सांगतात, "इथं पोकळ हाय बरं." या सवयीपायी आमचे काही नातेवाईक तुटले आहेत.

कॉलेजच्या आणि स्पर्धांच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढं मी 'इंटेरिअर' लिहायची. खोटं नव्हतं ते. फरशी घराच्या आतच असते.

बाबा एकदा विहारात आले तेव्हा मी फूटवर्क करत होते. फूटवर्क म्हणजे उकिडवं बसून, हात जमिनीला टेकवून पाय गोल फिरवायचे. बाबांनी दारातून बराच वेळ पाहिलं.

"हे काय करून राहिली वं?"

"फूटवर्क."

"एवढी फिरून राहिली, पन फरशी तं एकही बसली नाही," ते म्हणाले आणि निघून गेले. पाचही जण फिदीफिदी हसले. माझं डोकं असं फिरलं की टोपीची गरज पडली नसती.

आता बॅटलबद्दल थोडं सांगते. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकेक मिनिट आळीपाळीनं नाचायचं, आणि शेवटी तीन परीक्षक ज्याच्याकडं हात करतील तो जिंकला. यात हरणं चालतं. तोंडावर पडणंही चालतं, लोक टाळ्या वाजवतात. एकच गोष्ट चालत नाही, ती म्हणजे दुसऱ्याची चाल उचलणं. त्याला म्हणतात बाईट, म्हणजे चावा. कुणी चावा घेतला असं वाटलं की समोरचा गट दोन्ही हात पुढं करून मगरीच्या जबड्यासारखे एकमेकांवर आपटतो आणि सगळा हॉल ओरडतो, "बाईट! बाईट!" एकदा हा शिक्का बसला की संपलं. मग तुम्ही हवेत उडा, तरंगा, लोक म्हणणार, कुणाचं उचललं?

गंमत अशी की आम्ही सगळेच फोनवर पाहून शिकलेलो. म्हणजे सगळेच उष्टं खात होतो. फक्त कुणाच्या ताटातलं ते ओळखू येता कामा नये, एवढीच अट होती.

त्या वर्षी मुंबईहून एक मोठे शिक्षक दोन दिवस शिकवायला आले. माझं फूटवर्क त्यांनी हाताची घडी घालून पाहिलं आणि म्हणाले, "पाय बरोबर आहेत. पण यात तू कुठं आहेस?" एवढं बोलून ते समोसा खायला गेले. मी तिथंच उभी राहिले. कारण त्यांनी विचारलं ते मला आतून माहीत होतं, फक्त कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. माझं स्वतःचं असं काहीच नव्हतं. मला त्या दिवसापासून जिंकण्यापेक्षाही एकच गोष्ट हवी झाली. कुणीतरी माझे पाय पाहावेत आणि ते माझेच आहेत हे त्याला कळावं.

घरी येऊन हे बाबांना सांगितलं, तर जेवता जेवता म्हणाले, "पोकळ वाजत असंन." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

कॅप्टननं मात्र शिक्षकांचं म्हणणं फारच मनावर घेतलं. पंधरा दिवसांत प्रत्येकानं आपली स्टाइल शोधून आणायची, असा गृहपाठ दिला. एक जण साप झाला. एक रोबो झाला. एक दारुडा झाला, त्याला फारशी तयारी लागली नाही. मला कॅप्टननं परस्पर मांजर नेमून दिली.

"मांजर काहून?"

"तू मुलगी आहेस ना. सूट होते."

"झाली मी मांजर तं पयले तुयंच तोंड ओरबाडीन," मी म्हटलं. मग मांजर मागं पडली, पण माझ्या हाती काहीच उरलं नाही. पंधरातले अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी बाबा डबा घरी विसरले. त्यांचं काम रामदासपेठेत एका नव्या दवाखान्यात चालू होतं आणि आईनं मला पिटाळलं. वरच्या मजल्यावर लांबच लांब व्हरांडा होता, आडवी दोरी बांधलेली, पलीकडं नुकतीच बसवलेली फरशी. बाबा तिच्या अलीकडं उकिडवे बसलेले. मधल्या ओल्या ओळीपलीकडची एक फरशी केसभर वर आली होती आणि तिथवर पोचायचं होतं. ओल्या फरशीला, म्हणजे खालचा माल वाळला नसेल तर, पाय लागून चालत नाही, ती दबते, सरकते. बाबांनी डावा तळवा मधल्या एका कोरड्या जागेवर टेकवला, सगळा भार त्या एका हातावर घेतला, एक पाय पोटाशी दुमडला, दुसरा लांब ताणला आणि कंबर हवेतून वळवून पलीकडच्या कोरड्या पट्टीवर अलगद उतरले. मधल्या ओळीला वारासुद्धा लागला नाही. मग रबरी हातोड्यानं फरशी ठोकली. दोन ठोके जोराचे, तिसरा जेमतेम. कान लावून ऐकलं आणि तसेच, त्याच हातावर, उलटे परत आले.

मी डबा हातात धरून पाहत राहिले. या माणसाचे गुडघे गेली दोन वर्षं दुखत होते, घरात पाट घेऊन बसताना ते कण्हायचे. आणि इथं त्यांचं शरीर कसलंही वजन नसल्यासारखं फिरत होतं. मला अभिमान वाटायला हवा होता. खरं सांगते, आधी हाव सुटली. मी डबा ठेवला आणि पाच वाजायच्या आत विहार गाठला.

पुढचे तीन दिवस मी मनातल्या मनात फरशी ओली करून नाचले. हॉलमध्ये एक ओळ ठरवायची आणि तिला पाय लावायचा नाही. पाय पडणार असं वाटावं आणि पडू नये. शेवटी पेरांनी जमिनीवर तीन ठोके. पहिल्यांदाच कुणाची आठवण न काढता पाय चालत होते. कॅप्टननं पाहिलं तेव्हा त्याची टोपी हातात आली.

"हे कुठून आणलं बे?"

तोंडाशी आलं होतं, बाबांचं. पण समोर साप, रोबो आणि दारुडा उभे होते आणि फरशी बसवण्यावरून ते एकदा हसले होते. मी म्हटलं, "न्यूयॉर्कचा एक जुना डान्सर आहे. त्याच्यावरून सुचलं."

"हो हो," कॅप्टननं गंभीरपणे मान डोलवली. "पाहिलाय मी तो व्हिडिओ."

नसलेला व्हिडिओ पाहिलेला हा पहिला माणूस. पुढं बरेच झाले. कॅप्टननं आपल्या गटातल्या मुलीची स्टाइल जुन्या न्यूयॉर्कची आहे, असं गावभर सांगितलं. महिन्याभरात एकानं मलाच येऊन सांगितलं की तो डान्सर डावखुरा होता. मी हो म्हटलं. एक खोटं सांभाळायला किती लोक मदतीला येतात, ते मी तेव्हा पाहिलं.

शहराची मोठी बॅटल एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती, रविवारी दुपारी. आई म्हणाली, यंदा बाबांना घेऊन जा, ते कधीचे विचारून राहिले. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून आले. तासभर आधी पोचल्यामुळं त्यांना पहिल्या रांगेत जागा मिळाली. तिथून उठून ते सरळ मधोमध गेले, वाकले आणि फरशी वाजवू लागले.

"डाव्या कोपऱ्यात चार पोकळ हायेत," परत येऊन ते म्हणाले. "तिकडं डोकं टेकवू नोको."

मी इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

पहिल्या दोन फेऱ्या मी जिंकले. उपांत्य फेरीत समोर कामठी रोडकडचा एक मुलगा आला, उंच, शांत, एका हातावर पुतळ्यासारखा थांबू शकणारा. तो चांगला होता. त्याचं मिनिट संपलं आणि मी उतरले. ओली ओळ आखली, तळवा टेकवला, पलीकडं गेले, आले, पुन्हा गेले. हॉल गप्प झाला होता. मला वाटलं, कळलं यांना. मग मी तीन ठोके मारले.

त्याच्या मागं उभ्या असलेल्या त्याच्या गटानं हात लांब केले आणि जबडे आपटायला लागले. "बाईट! न्यूयॉर्क बाईट!" बघता बघता सगळा हॉल सुरू झाला. "बाईट! बाईट! बाईट!" मी कॅप्टनकडं पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता.

माझ्या आयुष्यातली एकुलती एक स्वतःची चाल, आणि चोरीची ठरली ती माझ्याच तोंडच्या थापेनं. राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबा उठले. आमच्याकडं हिंदीच्या संगतीनं व चा ब आणि ब चा व व्हायला वेळ लागत नाही. बाबांना वाटलं, पाचशे माणसं मिळून त्यांच्या पोरीला 'वाईट, वाईट' म्हणून राहिली आहेत. बाबा ओरडणारे नाहीत. माझ्या आठवणीत ते घरात कधी चढ्या आवाजात बोललेले नाहीत. त्यांनी कडेला चपला काढून ठेवल्या, मधोमध आले आणि हात वर केला. गाणं वाजवणाऱ्यानं घाबरून गाणं बंद केलं.

"वाईट कायले म्हनता गा पोरीले?" बाबा म्हणाले. "काय वाईट केलं तिनं?"

सूत्रसंचालक पोरगा माईक घेऊन धावत आला. "काका, वाईट नाही. बाईट. बाईट म्हणजे चोरी. तिनं दुसऱ्याची स्टेप चोरली ना."

बाबांचा चेहरा उतरला. वाईटावर त्यांच्याजवळ उत्तर होतं, चोरीवर नव्हतं. आमच्या घरात साइटवरचा उरलेला खिळासुद्धा कधी आला नाही.

"कोनाची चोरली?"

"न्यूयॉर्कच्या एका डान्सरची. सगळ्यांना माहीत आहे, काका."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "खरं हाय का वं?"

माईक माझ्या तोंडापुढं आला. मला लाज वाटते, पण लिहिते: एक क्षण मी हो म्हणणार होते. न्यूयॉर्कची चोर म्हणवून घेण्यात काहीतरी शान होती. फरशीवाल्याची पोर म्हणवून घेण्यात मला तेव्हा ती दिसत नव्हती. पण बाबा अनवाणी उभे होते आणि माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

"नाही," मी म्हटलं. "न्यूयॉर्क-बियूर्क काही नाही. तुमची चोरली, बाबा."

"मायी?" बाबा चक्रावले. "मी कधी नाचलो वं?"

हॉल हसला. मी माईकवरच सांगितलं, "रामदासपेठेत, दवाखान्यात. फरशी ओली होती अन् तुम्ही हात टेकवून पलीकडं गेले. मी डबा घेऊन आली होती."

बाबांना आठवलं. मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पेन खिशातून काढून सूत्रसंचालकाच्या हातात दिलं आणि उकिडवे बसले. "असं?" म्हणत तळवा टेकवला आणि निघाले. पांढऱ्या शर्टातला पन्नाशीचा माणूस एका हातावरून हवेत वळला आणि नसलेल्या ओल्या ओळीपलीकडं उतरला. तीन ठोके मारले. परत आले. पहिल्यांदा जे हसले होते, ते दुसऱ्यांदा हसले नाहीत. समोरच्या उंच मुलानं आपल्या गटाकडं वळून त्यांचे लांब केलेले हात स्वतः खाली केले.

बाबा गुडघ्यावर हात टेकवून उठले, कण्हले आणि सूत्रसंचालकाला म्हणाले, "मंग चोरी कशी झाली गा? बापाचं पोरीनं घेतलं तं त्याले काय चोरी म्हनते?"

टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. मग परीक्षकांनी नियमांचा कागद काढला. तिघांनी तो तीनदा वाचला. चाल अस्सल आहे यावर तिघांचं एकमत झालं, पण ती ज्यांची आहे त्या काकांचं नाव स्पर्धकांच्या यादीत नाही, आणि यादीबाहेरचा माणूस आत आला तर फेरी जाते, असा नियम निघाला. नियम लावायचा की नाही यावर तिघांची मतं पडली आणि मी दोन विरुद्ध एकनं हरले. ज्या खेळाचा जन्म रस्त्यावर झाला असं आम्हाला रोज सांगितलं जायचं, त्यात यादीबाहेरचा माणूस म्हणजे कोण, हे मी विचारणार होते, पण बाबा चपला शोधत होते.

कॅप्टनची बुटाची नाडी एव्हाना बांधून झाली होती. "मले पयलेच वाटलं होतं हे लोकल आहे म्हणून," तो म्हणाला आणि बाबांकडं वळला. "काका, संडेले वर्कशॉप घेता का?"

"रविवारी माये गुडघे दुखतात," बाबा म्हणाले.

घरी जाताना स्कूटर मी चालवत होते, बाबा मागं. ऊन उतरलं होतं, तरी रस्ता भट्टीसारखा तापलेला. टोपी मी हॉलमध्येच विसरले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा बाबांनी विचारलं, "तूच सांगितलं होतं का लोकाईले, न्यूयॉर्कचं म्हनून?"

"हो."

"काहून वं?"

रागानं विचारलं असतं तर मी उलट काहीतरी बोलले असते. मला बोलता येतं. पण ते खरोखरच विचारत होते, त्यांना कळत नव्हतं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, मी गाडी पुढं घेतली.

"तिसरा ठोका तू जोरानं मारते," थोड्या वेळानं बाबा म्हणाले. "तशानं फरशी फुटते. तिसरा फकस्त आयकासाठी असते." आणि दाखवायला त्यांनी माझ्या पाठीवर पेरांनी वाजवलं. दोन जोराचे आणि तिसरा जेमतेम.

डोळे भरले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं. तरी मी विचारलं, "वाजते का पोकळ?"

बाबांनी पुन्हा एकदा वाजवलं. कामावर असतात तसे, कान लावून.

"नाही," ते म्हणाले. "पन ओली हाय अजून. कोनाले पाय ठेवू देऊ नोको."